काचेवर बसलेली

१

सकाळी कुपवाडच्या रस्त्याला लुना, राजदूत आणि सायकलींची झुंबड उडायची. मी माझी लुना अप्पांच्या गोदामाच्या सावलीत लावायचे, लोखंडी जिना चढून वर जायचे आणि कुलूप काढायचे. आधी स्टॅबिलायझर, मग कॉम्प्युटर, सगळ्यात शेवटी मॉनिटर. चित्र उमटायला त्याला जरा वेळ लागायचा. तेवढ्यात मी खिडकी उघडून जाळीवरची फौंड्रीची काळी धूळ पुसून घ्यायचे. फडकं झटकून होतंय तोवर ब्राह्मी चहाचा थर्मास घेऊन वर यायची.

ब्राह्मी आणि मी सांगलीला एका वर्गात, एका बाकावर शिकलो. गोदाम तिच्या वडिलांचं. त्यांचं नाव नेमिनाथ, पण मीही तिच्यासारखी त्यांना अप्पाच म्हणायचे. मी कडेगावची. आमची बौद्ध वस्ती गावाच्या कडेला, आणि वस्तीतली डिप्लोमा झालेली पहिली मुलगी मी. नोकरी शोधायच्या ऐवजी आम्ही दोघींनी मिळून फौंड्र्यांना कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागांची, ड्रॉइंगं करून द्यायचं काम सुरू केलं. ब्राह्मी कारखान्यात जाऊन मापं आणायची, गिऱ्हाइकांशी बोलायची. मी ड्रॉइंग करायचे. दोन पोरींना हे जमणार नाही असं कुपवाडात बरेच जण म्हणत होते. जमलं.

तो एकवीस इंची मॉनिटर म्हणजे आमचं वैभव. पुण्याची एक परदेशी कंपनी गाशा गुंडाळून गेली, तेव्हा ब्राह्मीच्या मामांनी तो तिथून मिळवला होता. बाकी सगळ्यांकडे चौदा इंची डबडी असायची. आमच्याकडे लोक नुसता तो बघायला यायचे. अप्पा पाहुण्यांना वर आणून दाखवायचे आणि म्हणायचे, ‘आमच्या आम्रपालीशिवाय कुणाचं ऐकत नाही तो.’ त्या काचेसमोरची खुर्ची माझी, हे न बोलता ठरलेलं होतं.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तो बिघडायला लागला.

२

आधी चित्र दोन्ही कडांनी आत ओढलं जायचं, कुणीतरी पडदा सारत आणल्यासारखं. मग रेषा थरथरायला लागल्या. काढलेलं वर्तुळ अंड्यासारखं दिसायचं. आणि एक बारीक शिट्टी सुरू झाली. ती अप्पांना ऐकू येत नव्हती. आम्हा दोघींना मात्र जिन्याच्या पहिल्या पायरीवरच कळायचं की मॉनिटर चालू आहे.

मी म्हणाले, नवा घेऊ. एका पंपाच्या ड्रॉइंगात माझी चूक होता होता राहिली होती. ब्राह्मी ऐकेना. इतकी वर्षं साथ दिलेली वस्तू जरा कुरकुर करते म्हणून टाकायची का, असं तिचं म्हणणं. ती तशीच होती. तिच्या कपाटात शाळेतल्या चपला जपून ठेवलेल्या होत्या. शेवटी तिच्या शब्दाखातर सांगलीहून दादासोंना बोलावलं. त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं.

दादासोंनी मागचं झाकण काढलं, धूळ फुंकली, बराच वेळ आत बघितलं. आतला एक ट्रान्सफॉर्मर गेलाय, तो मुंबईहून मागवता येईल, असं म्हणाले. मग मॉनिटर बंद करून त्यांनी खिडकी लोटून घेतली आणि मला काचेकडे बघायला सांगितलं.

‘ह्यो डाग हाय बघा मॅडम. एकच चित्र लय दिवस लावून ठिवलं की काचेला असं लागतंय. त्ये काय जायाचं न्हाई. काय ठिवत हुता तुमी हिच्यावर?’

मी म्हणाले, रेषा. काळ्यावर पांढऱ्या रेषा, आणि त्याही रोज वेगळ्या.

बंद काचेच्या राखाडी रंगात एक तपकिरी, पुसट आकार होता. मला वाटलं माझंच प्रतिबिंब. मी बाजूला सरकले. दादासोही सरकले. आकार जागचा हलला नाही. एका खुर्चीची पाठ, तिच्या वर दोन खांदे आणि डोकं. मागे आमच्या खोलीचं दार, वरच्या बिजागरीसकट.

दादासो म्हणाले, कुणाचा तरी फोटो लावून ठेवला असेल. मी नाही म्हणाले. ते थोडं हसले आणि म्हणाले, आत दिसलेलं काचेला लागतं, समोर बसलेलं माणूस कसं लागेल. मग हत्यारं पिशवीत भरून, काय ते ठरवून कळवा, असं सांगून ते गेले.

ब्राह्मी एवढा वेळ दारात उभी होती. ती जवळ आली नाही. डाग कसला आहे हेही तिनं विचारलं नाही.

‘नवाच घेऊया अम्मू,’ ती म्हणाली.

३

दुपारभर मी त्या काचेचाच विचार करत होते. मी शिकलेली बाई, तरी काचेवर समोरचं काही उमटू शकतं असं घटकाभर धरून चालले. मग ती मीच असणार. तिथे दुसरं बसतं कोण? पण मी काम करताना एका जागी नसते. कागदाकडे वाकते, चष्मा पुसते, पाय वर घेऊन मांडी घालते. ब्राह्मी मला चुळबुळी म्हणायची. डाग पडायला तर महिनोन्महिने तसंच बसावं लागतं. आणि ही तशी बसली होती. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, मान सरळ, कसलीही घाई नसल्यासारखी. काम करणारं माणूस असं बसत नाही. वाट बघणारं बसतं.

मी ब्राह्मीला म्हणाले, ये, बघ तरी. ती टेबलाच्या त्या बाजूनंच म्हणाली की तिला यातलं काही दिसत नाही. पण तिनं काचेकडे बघितलंच नव्हतं. ती बघत होती खुर्चीकडे.

हेच मला खटकलं. कालपर्यंत मॉनिटर टाकू नको म्हणून माझ्याशी भांडणारी पोरगी आज एका दमात नवा घेऊ म्हणत होती. संध्याकाळी घरी जाताना तिनं मुंबईच्या व्यापाऱ्याला फोनही लावला. तिला माझ्यापासून लपवून काही करता येत नाही अशी माझी समजूत होती.

४

त्या आठवड्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मी कडेगावला जाऊन राहिले. परत आले तर पंपाचं अर्धवट राहिलेलं ड्रॉइंग पूर्ण झालेलं. मला बरं वाटलं, मग मी नीट बघितलं. बाणांची टोकं मी बारीक ठेवते, मापाच्या ओळी रेषेपासून थोड्या दूर लिहिते, आणि कोपऱ्यातली टीप जरा तिरकी जाते. ती माझी खोड आहे. टीप तिरकीच गेली होती.

कुणी केलं, मी विचारलं. ब्राह्मी म्हणाली, मी. ती मान खाली घालून मापाच्या कागदांना टाचणी लावत होती. तिला ते ड्रॉइंग जमलं नसतं असं नाही, पण ती माझ्यासारखं कशाला करेल?

दुपारी खाली उतरले तेव्हा अप्पा गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांचा चेहरा जरा उतरलेला होता. म्हणाले, ‘काल मी वर आलो होतो. दोनदा हाक मारली तुला. वळूनसुद्धा बघितलं नाहीस, बाळ. काही चुकलं का आमचं?’

मी सांगितलं की काल मी कडेगावात होते, आईच्या डोळ्यात औषध घालत होते. अप्पा हसले. मी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विषय सोडून दिला.

मी परत वर गेले, मॉनिटर बंद केला आणि खिडकी लोटली. डाग गडद झाला होता. खांदे आता स्पष्ट होते, डावा किंचित खाली झुकलेला. चेहऱ्याच्या जागी अजून काही नव्हतं. फक्त डोळे असतात तिथे दोन गोल उमटायला लागले होते, चष्म्याच्या काचांएवढे.

५

मग मीच हट्ट धरला की हा दुरुस्त करायचा. कारण मी ब्राह्मीला सांगितलं नाही, स्वतःलाही नीट सांगितलं नाही. एवढंच कळत होतं की या खोलीत मी नसताना काय होतं हे सांगणारी ती काच एकटीच आहे, आणि ती फुटता कामा नये. दादासोंना मी सुट्टीच्या दिवशी दुपारी टेम्पो घेऊन यायला सांगितलं. ब्राह्मी म्हणाली, तुला जे करायचं ते कर. असं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

सुट्टीच्या दिवशी कुपवाड ओळखू येत नाही. भट्ट्या बंद, ग्राइंडरचा आवाज नाही, रस्त्यावर कुत्री झोपलेली. दादासोंच्या आधी पोचावं म्हणून मी लवकर निघाले. गोदामाशी ब्राह्मीची कायनेटिक उभी होती.

पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि शिट्टी ऐकू आली.

मग ब्राह्मीचा आवाज. ती सावकाश, आरामात बोलत होती. इचलकरंजीचं स्थळ कसं आलं, वहिनी काय बोलली, तिला स्वतःला काय वाटतं. हे सगळं ती मला सांगायची, फक्त मला. कालच मी विचारलं होतं त्या स्थळाचं, तर म्हणाली होती, काही विशेष नाही. ती बोलायची, थांबायची, ऐकणारं माणूस थांबतं तेवढंच थांबायची, आणि हसायची. मधल्या वेळात मला शिट्टीखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

मी जिन्यात बराच वेळ उभी राहिले. मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त लाज वाटत होती, आपण कुणाच्या तरी खासगी गोष्टी चोरून ऐकतोय अशी.

दार नुसतं लोटलेलं होतं. ब्राह्मी स्टुलावर बसली होती. माझी खुर्ची टेबलापासून वळवून तिच्याकडे केलेली होती. खुर्ची रिकामी होती. टेबलावर दोन कप. ब्राह्मीचा संपलेला, दुसरा भरलेला, त्याच्यावर साय धरली होती.

खुर्चीवरची उशी माझ्या आईनं शिवलेली. ती मध्ये दबलेली होती. मी बघत असताना ती हळूहळू फुगत वर आली, आत्ताच कुणीतरी उठल्यासारखी.

६

‘कोण होतं इथे?’

ब्राह्मीनं खोटं सांगितलं नाही. तिनं मॉनिटर बंद केला, शिट्टी थांबली, आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

‘तू पुण्याला मुलाखतीला गेली होतीस ना, दिवाळीनंतर,’ ती म्हणाली. ‘त्या वेळी मला ही खुर्ची बघवेना. तू जाणार हे मी धरून चालले होते. मी एकटीच होते इथे. नुसतं बोलून गेले गं, कुणीतरी बसा इथे म्हणून.’

‘मग?’

‘मग बसली.’

कोण, असं मी पुन्हा विचारलं. तिला माहीत नव्हतं. तिनं विचारलंच नव्हतं. विचारलं तर ती उठून जाईल असं वाटलं, एवढंच म्हणाली.

पुण्याची ती नोकरी मला मिळाली होती. मोठी कंपनी, राहायला खोली. मी नाही म्हणून आले. आईला सुद्धा कारण सांगितलं नव्हतं. कारण एकच होतं, आणि ते आता खिडकीशी पाठ करून उभं होतं. मी परत येऊन तिला सांगितलं तेव्हा ती सांगलीच्या स्टँडवर सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात पडून रडली होती.

‘मी तिथे नाही म्हणून आले होते, ब्राह्मी. तुझ्यासाठी.’

‘ते नंतर कळलं. तोवर मी हो म्हणून बसले होते.’

‘कशाला हो?’

‘आधी तिनं विचारलं, अम्मू नसेल तेव्हा बसू का. मी म्हटलं, बस.’ तिनं टेबलाशी येऊन माझा, म्हणजे तो भरलेला कप उचलला आणि ओढणीच्या टोकानं त्याची कड पुसायला लागली. ‘परवा विचारत होती, अम्मू असेल तेव्हा बसू का.’

तू काय सांगितलंस, असं मी विचारलं. ती कप पुसत राहिली.

‘ती कुठं जायचं म्हणत नाही गं,’ ब्राह्मी म्हणाली.

ती रडली असती, माफी मागितली असती, निदान घाबरली असती, तर मी तिला हाताला धरून त्या खोलीतून बाहेर काढलं असतं. पण तिच्या चेहऱ्यावर असं काहीच नव्हतं. अवघडलेपण होतं, पाहुणा उठायची वाट बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतं तेवढंच. मी तिथून कधी निघते याची ती वाट बघत होती.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला.

७

दादासोंनी दोन माणसं लावून मॉनिटर खाली नेला. मी त्यांना बजावलं की आतलं काय ते बदला, काच तशीच ठेवा. मग मी माझी पट्टी, पेन्सिली आणि आईची उशी घेतली आणि जिना उतरले. ब्राह्मीनं मला थांबवलं नाही.

महिन्याभरात शिरवळला एका कारखान्यात नोकरी मिळाली. तिथे कॉम्प्युटर होता, पण मी ड्रॉइंग बोर्ड मागून घेतला. साहेबांना नवल वाटलं. मला कुठल्याही काचेसमोर बसायचं नव्हतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत एसटीडी बूथवरून दादासोंना फोन केला. मॉनिटर झाला का, विचारलं. ते सांगायला लागले, की तुम्ही गेला त्याच आठवड्यात ब्राह्मी मॅडम दुकानात आल्या. त्यांनी नवा घेतलाय, जुना नको, काच फोडून भंगारात घाला म्हणाल्या आणि फोडेपर्यंत दुकानात उभ्या राहिल्या.

‘फोडायच्या आदी मी एकदा बघितलं,’ दादासो म्हणाले. ‘पयल्यांदा नुसता डाग हुता न्हवं का? आता तोंड हुतं. तुमचंच की. चष्म्यासकट. मॅडम, माजा हात धजंना. मग त्यांनीच हातोडी घेतली.’

बूथवाल्यानं मला बसायला स्टूल दिलं. मी त्याला सांगितलं, ऊन लागलं असेल.

८

पावसाळ्याच्या शेवटी शिरवळच्या हायवेवर एका हॉटेलच्या दारात मला अप्पा भेटले. ते जीपनं पुण्याला लग्नाला निघाले होते, चहाला थांबले होते. मला बघून त्यांच्या हातातली बशी कलली आणि चहा धोतरावर सांडला. त्यांनी मला ओळख दाखवली नाही. ते मला निरखत राहिले, जवळून, एखादी नोट खरी की खोटी बघावी तसे.

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाय मागे घेतले.

‘सकाळी मी निघालो तेव्हा तू वर खुर्चीत होतीस,’ अप्पा हळू आवाजात म्हणाले. ‘जिन्यातून सांगितलं मी तुम्हा दोघींना, जाऊन येतो म्हणून. तू मान हलवलीस.’

मी त्यांना सगळं सांगायला तोंड उघडलं. कुठून सुरू करावं ते कळेना. ते एवढंच म्हणत राहिले की तू तर रोज असतेस. बोलत नाहीस हल्ली, चहा घेत नाहीस, पण असतेस. ब्राह्मी किती खुशीत आहे. मग जीपवाल्यानं हाक मारली आणि ते उठले. गाडीत बसल्यावरही ते वळून वळून माझ्याकडे बघत होते. बाळ म्हणाले नाहीत.

पुढच्या आठवड्यात एक दिवस रजा टाकून मी पहिली एसटी धरून सांगली गाठली आणि दुपारी कुपवाडात उतरले. चालू दिवस होता. ग्राइंडरचा आवाज, भट्टीचा वास, सगळं ओळखीचं. गोदामाच्या दारात अप्पांची खुर्ची रिकामी होती. जिन्यात शिट्टी नव्हती, नवा मॉनिटर आवाज करत नसावा. माझ्या पायांचा तेवढा आवाज होत होता. मी वर जाईपर्यंत स्वतःला सांगत होते की तिनं एखादी मुलगी कामाला ठेवली असेल, माझ्यासारखी दिसणारी. अशा मुली असतात.

दार उघडं होतं. खोलीत ऊन होतं. नव्या मॉनिटरवर एका कास्टिंगच्या रेषा उमटत होत्या, आणि त्याच्या समोर खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. माझ्याकडे पाठ. डावा खांदा किंचित खाली. वेणी माझी. निळा पंजाबी ड्रेस माझा. तो त्या क्षणी शिरवळच्या खोलीत दोरीवर वाळत होता. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर होते, आणि रेषा उमटतच होत्या.

ब्राह्मी शेजारी स्टुलावर बसून मापं वाचून दाखवत होती. सावली पडली म्हणून तिनं वर बघितलं. ती लगबगीनं उठून दाराशी आली. ती मला ओळखेल, दचकेल, निदान नजर चुकवेल, म्हणून मी वाट बघितली. तिनं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. पत्ता विचारायला आलेल्या माणसाकडे बघतात तसं, सभ्यपणे.

‘कोण पाहिजे आपल्याला?’

मला माझं नाव सांगता येईना.

तिच्या मागे खुर्ची करकरली. बसलेली वळायला लागली होती. मला गालाची कड दिसली, चष्म्याची काडी दिसली. ब्राह्मीनं मागे न बघता एक हात लांब करून तिच्या खांद्यावर ठेवला, जपून, आणि ती थांबली.

‘काही नाही गं अम्मू,’ ब्राह्मी तिला म्हणाली, ‘कुणीतरी चुकून वर आलंय.’

आणि तिनं दार लावून घेतलं.